आपल्यात कसली लिखापढी

धाड गावच्या बाजाररस्त्यावर किसनरावांचं घर जिथं संपतं तिथं नजीरभाईंचं गादीघर सुरू होतं. मधे भिंत एकच. जागा किसनरावांची, पत्रे नजीरभाईंचे. नजीरभाईंचे वडील पूर्वी रस्त्याकडेला उन्हात कापूस पिंजत बसायचे. किसनरावांच्या वडिलांनी एका दुपारी त्यांना ओसरीलगतची मोकळी जागा काठीनं दाखवली आणि म्हटलं, "इथी बस." करार झाला तो एवढाच. पुढं दोघेही म्हातारे गेले, पोरांचे केस पिकले, पण त्या जागेचं भाडं ना कुणी मागितलं ना कुणी दिलं. पहिल्या वेचणीचा थोडा कापूस भिंतीच्या अलीकडून पलीकडे जायचा आणि दिवाळीला पलीकडून अलीकडे एक नवी रजई यायची. कापूस कुणी तोलला नाही, रजईची किंमत कुणी विचारली नाही.

किसनराव तसे शेतकरी, पण वाचनाचे वेडे. गावातल्या वाचनालयाची किल्ली बरीच वर्षं त्यांच्याकडेच होती, कारण ती मागायला दुसरं कुणी आलंच नाही. पुस्तकातल्या माणसांशी त्यांचं चांगलं जमायचं. जित्या माणसांपुढं मात्र तोंड उघडायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. ग्रामसभेत त्यांनी एकदाच हात वर केला होता, आणि अध्यक्षांनी "बोला" म्हणताच तो डोकं खाजवायला नेला होता. ही गोष्ट त्यांची बायको कोकिळा पाहुण्यांना अजून सांगते.

पोळा होऊन गेला होता. एका रविवारी सकाळी दीपकचा फोन आला. दीपक हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो, त्याची बायको पूनम आणि त्यांची छोटी, तिघं कॅनडात माँट्रियालला राहत होते. कोकिळाबाईंनी फोन भिंतीला टेकवून उभा केला. दीपकचा चेहरा पाहताच त्या म्हणाल्या, "जेवला नाई का रे?"

"जेवलो माय. बाबा आहेत का जवळ? एक अडचण आहे."

त्यानं सांगितलं ते असं. तिथं कायमचं राहण्यासाठी त्यानं अर्ज केला होता. पण माँट्रियाल ज्या प्रांतात आहे त्या क्विबेकचा कारभार वेगळा. तिथंच राहायचं तर फ्रेंच चांगलं यायला हवं आणि त्या प्रांताची निराळी परवानगी हवी. दोघांचं फ्रेंच भाजी घेण्यापुरतं. म्हणून त्यांनी उरलेल्या देशासाठी अर्ज केला होता, की आम्ही इथून उठून दुसऱ्या प्रांतातल्या विनिपेगला जाऊन राहणार आहोत. विनिपेगला कंपनीची शाखा होती, आणि नजीरभाईंचा मुलगा फहीमही तिथंच होता. फहीमनं आपल्या घराचा खालचा मजला दीपकला देऊ केला होता.

"मंग अडलं कुठी?" कोकिळाबाई म्हणाल्या.

"अर्ज पाहणाऱ्या साहेबाचं पत्र आलं. तो म्हणते, तुमी इतके वर्षं माँट्रियालले राहता, पोरगी इथल्या पाळणाघरात, अन् घराचा करार तर यंदाच पुढं वाढवला. तुमी खरंच जाणार हे आमी कशावरून मानाव? महिन्याभरात पुरावा द्या."

"म्हंजे माहं पोरगं खोटं बोलते म्हणते तो?"

"खोटं नाई म्हणत माय. पटवून द्या म्हणते."

"अन् नाई पटलं तर?"

"तर अर्ज बाद. कामाचा परवाना जानेवारीत संपते. मंग सारं सोडून परत याव लागीन."

'परत' हा शब्द ऐकून कोकिळाबाईंच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकून गेलं. किसनरावांनी ते पाहिलं, आणि लगेच ते विझलेलंही पाहिलं. "तसं नको," त्या म्हणाल्या. "हरून नको येऊ. येजो, पण हरून नको."

पुरावा म्हणून कंपनीच्या साहेबानं बदलीचं पत्र दिलं होतं. अडलं होतं ते घराशी. दीपकनं फहीमकडं भाड्याचा लेखी करार मागितला, तर फहीम हसायलाच लागला. मग गंभीर झाला. त्यानं घर घेतलं तेव्हा नजीरभाईंनी त्याला बजावलं होतं की किसनभाऊच्या पोराकडून भाडं घेतलंस तर माझ्याशी बोलू नकोस.

"फुकट राहतो असं लिहून दे ना मग," किसनराव हळूच म्हणाले.

"वकील म्हणते, फुकट राहू देतो यावर कोणी विश्वास नाई ठेवत. अन् दुसरीकडे घर पाहाव तर अर्जात फहीमचाच पत्ता लिहिला हाय. आता बदलला तर साहेब अजून शंका घेईन." दीपकनं आवाज खाली आणला. "बाबा, फहीम म्हणते, अब्बानं हो म्हणलं तर मी आजच लिहून देतो. पण त्यायले मी कसं सांगू? तुमीच बोला नजीरचाचाशी."

किसनरावांनी 'बरं' म्हणून टाकलं.

फोन बंद झाल्यावर त्यांनी एक पुस्तक उघडून समोर धरलं. संध्याकाळपर्यंत ते त्याच पानावर होते. सोपं होतं खरं म्हणजे. नजीरभाई, पोरांचा एक कागद करायचा आहे, एवढंच म्हणायचं. पण ज्या माणसाबरोबर उभ्या आयुष्यात चिठ्ठीचपाटी झाली नाही, त्याला 'लिहून द्या' म्हणायचं म्हणजे तुझ्या शब्दावर भागत नाही असंच सांगायचं की! आपण ते म्हणू, आणि भलतंच होऊन बसेल. आपलं नेहमी तसंच होतं.

"जाऊन राह्यले का नाई?" कोकिळाबाईंनी दोन दिवस वाट पाहून विचारलं. "का मी जाऊ?"

"जातो. बाजाराच्या दिवशी जातो. गर्दीत बोलाय सोपं जाते."

"गर्दीत! ग्रामसभेत गेलतं तसं सोपं?"

बाजाराच्या दिवशी किसनराव गेले. वाटेत म्हणजे भिंतीला वळसा घालेपर्यंत त्यांनी वाक्य तीनदा घोकलं. आत पिंजण्याचं यंत्र घरघरत होतं आणि नजीरभाईंच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसले होते. त्यांनी गादीवर हात आपटून किसनरावांना बसायला जागा केली.

"बोला किसनभाऊ. चेहरा काऊन उतरला?"

"नाई, सहजच." किसनरावांनी घसा खाकरला. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठं गेलं होतं. "नजीरभाई, दिवस आता पहिल्यासारखे नाई राह्यले."

"हाव. रुई बी नाई राह्यली पहिल्यासारखी."

"तोंडी कामावर कोणी भरोसा नाई ठेवत आता."

"खरी बात."

"तर मी म्हणत होतो... ते जागेचं. भाड्याचं. काहीतरी लिहून झालं पाह्यजे."

तेवढ्यात जनकाबाई उशी घ्यायला आल्या. त्यांनी सगळ्या उशा दाबून पाहिल्या, एकीला दगड म्हटलं, एकीला पापड म्हटलं, आणि शेवटी पहिलीच घेऊन गेल्या. त्या गेल्या तेव्हा नजीरभाईंनी यंत्र बंद केलं होतं.

"दीपक म्हणला का असं?" त्यांनी विचारलं.

"हाव. त्याले गरज आहे. नाई तर मी कशाले बोललो असतो?"

"बरं."

"अन् जराशी घाई आहे. महिन्याच्या आत झालं पाह्यजे."

"समजलो, भाऊ," नजीरभाई म्हणाले. त्यांनी खाली पडलेला कापसाचा पुंजका उचलला आणि बराच वेळ बोटांनी उकलत राहिले.

किसनराव उठले ते पिसासारखे हलके होऊन. बोललो एकदाचं! घरी येऊन त्यांनी कोकिळाबाईंना सांगितलं की नजीरभाईंनी एका शब्दात ऐकलं, वाद नाही काही नाही. त्या रात्री ते शांत झोपले. त्या सगळ्या बोलण्यात आपण फहीमचं नावही घेतलं नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

सकाळी कोकिळाबाईंनी त्यांना गदागदा हलवलं.

"अहो, उठा! नजीरभाई चालले!"

"कुठी?"

"मले काय मालूम? दुकान खाली करून राह्यले. काय बोलले तुमी काल त्यायले?"

किसनराव बनियनवरच बाहेर धावले. रस्त्यात हातगाडा उभा होता. त्यावर गाद्या, उशांचे गठ्ठे, कापडाची ठाणं चढली होती. पिंजण्याच्या यंत्राचे स्क्रू निघाले होते. समोरच्या हॉटेलातली माणसं कप हातात घेऊन पायरीवर आली होती.

"कुठी चालले चाचा?" हॉटेलवाला इंद्रभान विचारत होता.

"बसस्टँडकडे पाहतो एखादी जागा."

"काऊन पण?"

"मालकाले पाह्यजे जागा," नजीरभाई म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, आणि तेच वाईट होतं. किसनरावांना पाहून त्यांनी खांद्यावरचा रुमाल सारखा केला. "भाऊ, तुमच्या वडलानं बस म्हणलं, माहा बाप बसला. तुमी भाड्याचा कागद मागितला, म्हंजे उठाच म्हणलं; आमी उठलो. त्याले भाडं अन् लिखापढी कशाले? अन् महिना तरी कशाले? आजच खाली करून देतो."

बाजाररस्ता सगळा कान देऊन उभा होता. किसनरावांना सगळं एकदम समजलं, पायाखालून वाळू सरकावी तसं. काल आपण काय म्हणालो, नजीरभाईंनी काय ऐकलं, रात्रभर काय सोसलं. त्यांनी तोंड उघडलं. काहीही आलं नाही. पायरीवरून कुणीतरी म्हणालं, "दिसते गरीब, पण पाहा!"

मग किसनरावांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ते हातगाड्यापाशी गेले, वरची डबल गादी दोन्ही हातांनी ओढली आणि दुकानाकडं निघाले.

"हे काय भाऊ? सोडा ते." नजीरभाईंनी गादीचं दुसरं टोक पकडलं.

किसनरावांनी मान हलवली आणि ओढलं. नजीरभाईंनी उलटं ओढलं. दोघेही साठी केव्हाच ओलांडलेले, एक बनियनवर, एक कापसानं माखलेला, भर रस्त्यात गादी ओढत होते. शिवण टर्रकन उसवली आणि कापूस बाहेर आला.

"अरे, सोडवा कोणी त्यायले!" इंद्रभान ओरडला. "का वाटून देऊ अर्धी अर्धी?"

"क्या तमाशा लगाया है दोनों ने!" बानोभाभी दुकानामागच्या आपल्या घरातून बाहेर आल्या. नजीरभाईंच्या बायकोचा धाक सगळ्या रस्त्याला होता. "भाईसाब, आप बोलिए. मुँह से बोलिए!"

"फहीम!" किसनरावांच्या घशातून एकदम फुटलं. "फहीमच्या खोलीचं भाडं! तिकडचं, कॅनडाचं! दीपकले कागद पाह्यजे, त्या साहेबाले दाखवाले! दुकानाचं कोण बोललं? दुकान... दुकान तुमचंच हाय!"

मग कोकिळाबाई ओसरीवरून म्हणाल्या, "अन् हे मले सांगत होते, एका शब्दात ऐकलं म्हणून!" त्यावर जो हशा उठला त्यात नजीरभाईंच्या हातून गादी सुटली. ते हातगाड्याच्या दांडीवर बसले. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, मग डोळे पुसले, आणि मग तेही हसू लागले.

"किसनभाऊ, रातभर झोपलो नाई मी. इतकं वाचता तुमी, एक बात सरळ नाई सांगता येत?"

"नाई येत," किसनराव म्हणाले. ते अगदी खरं होतं.

चहा आला. किसनरावांनी सदरा चढवला आणि या खेपेला कोकिळाबाईंना शेजारी बसवून सगळं सांगितलं. ते अडले की त्या पुढं नेत. क्विबेक, विनिपेग, साहेबाची शंका, जानेवारीत संपणारा परवाना. नजीरभाई ऐकत गेले तसतसं त्यांचं हसू मावळत गेलं.

"म्हंजे माह्या पोरानं तुमच्या पोराकडून भाडं घ्याव," ते म्हणाले. "अन् वरून लिहून घ्याव. ते नाई व्हनार. माही जबान हाय दीपकले. ते कमी हाय का?"

"आपल्याले कमी नाई. पण त्या साहेबाले तुमी माहीत नाई ना, नजीरभाई."

"मंग फोन लावा साहेबाले. मी सांगतो."

"आमचा निकाह झाला तेव्हा बी हे असेच अडले होते," बानोभाभी कोकिळाबाईंना म्हणाल्या, आणि नवऱ्याकडं वळल्या. "सुनो जी. आपला निकाह झाला, तर लिखा के नहीं लिखा? मेहर लिखी, गवाह के नाम लिखे, तुमने दस्तखत किए. क्या मेरे अब्बा को तुम पर भरोसा नहीं था?"

"वो अलग बात है."

"काहे की अलग? लिखा तो क्या रिश्ता कच्चा हुआ? आज तक झेल रही हूँ!"

पायरीवरची माणसं पुन्हा हसली. नजीरभाईंनी मात्र मान खाली घातली. वाद घालायला जागाच उरली नव्हती. निकाहाच्या कागदानं बांधलेलं घर त्यांच्या मागंच उभं होतं, आणि त्यातली मालकीण समोर.

"पैसा पण..." त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

"भाडं झेबा घेईन अन् पूनम देईन," बानोभाभींनी निकाल दिला. झेबा म्हणजे फहीमची बायको. "औरतें देख लेंगी. तुम दोनों गादी खींचो."

तिथंच हातगाड्याजवळ बसून फहीमला व्हिडिओ फोन लावला. तो कामावरून नुकताच आला होता. "अब्बा, हे मागं काय? दुकान कुठी नेऊन राह्यले?" त्यानं घाबरून विचारलं.

"कुठीच नाई. दीपकले भाड्याचा पक्का कागद करून दे. आजच्या आज."

"अब्बा, मी तर कवाचा..."

"चूप. दे म्हणलं ना."

मग दीपकला फोन लावला. त्याचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. "बाबा, कागद झाला तरी साहेब म्हणू शकते, दोस्तानं दिला लिहून. मनातून जाणार का हे कागदावरून कसं दिसन?"

किसनरावांची नजर समोरच्या गाड्यावर होती. आपलं बोलणं बहुतेक चुकीचंच असणार असं धरून ते म्हणाले, "मले तिकडलं काय कळते? पण आज सकाळी नजीरभाईनं अर्धं दुकान या गाड्यावर टाकलं, तर साऱ्या बाजाराले पटलं की चालले. कागद कोणीच नाई मागितला. तू बी सामान हलवून पाह्य ना. जायचंच हाय, तर अर्धं घर पुढं पाठवून दे."

किसनरावांना वाटलं, झालं, पुन्हा काहीतरी वेडगळ बोललो. मग सुनेचा, पूनमचा आवाज आला. "मामाजी बरोबर सांगून राह्यले. आपुन नुसतं कागद जमवत बसलो."

पुढच्या आठवड्यात त्यांनी पलंग, कपाट, शिवणयंत्र आणि छोटीची तीनचाकी सायकल ट्रकनं विनिपेगला रवाना केली. माँट्रियालच्या घराचा करार दुसऱ्या एका कुटुंबाच्या नावावर करून द्यायची व्यवस्था केली. फहीमनं खालच्या मजल्यात सामान लावलं आणि फोटो पाठवले. करार, ट्रकवाल्याची पावती, कंपनीचं पत्र असं सगळं साहेबाकडं मुदतीच्या आत गेलं. आणि उत्तर येईपर्यंत ते तिघं माँट्रियालच्या रिकाम्या खोलीत, कधीकाळी भिंतीपलीकडून आलेल्या दोन रजया अंथरून झोपू लागले. छोटीला ती गंमत वाटली. रोज रात्री ती विचारायची, "आपली गाडी कधी सुटणार?"

उत्तर यायला वेळ लागला. सोयाबीन निघालं. कपाशीची बोंडं फुटली. कोकिळाबाई रोज सकाळी फोन पुसून ठेवायच्या, जणू धुळीनं निरोप अडला असावा. किसनराव पुस्तक उघडून बसायचे आणि मनाशी म्हणायचे, तो सल्ला द्यायलाच नको होता. पोरं जमिनीवर झोपून राहिलीत, आणि अर्ज बाद झाला तर पलंग एका गावी आणि माणसं दुसऱ्या. पुस्तकातल्या माणसाला असा सल्ला सुचला असता तर शोभला असता, आपण कोण?

दिवाळीच्या तोंडावर, शेतातून पहिल्या वेचणीचा कापूस घरात येऊन पडला त्याच सकाळी फोन वाजला. पूनम होती. ती रडत होती की हसत होती ते कळेना.

"मामाजी, झालं! मंजूर झालं! तिघांचं बी!"

कोकिळाबाई मटकन पाटावर बसल्या. "देवा रे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग, "आता तरी पलंगावर झोपा म्हणा."

किसनराव बाहेर पडले. गादीघरात यंत्र घरघरत होतं आणि नजीरभाई पाठमोरे होते. इतक्या आवाजात हळू बोलून काही उपयोग नव्हता. किसनरावांनी रस्त्यातूनच, इंद्रभानच्या हॉटेलातले कप थांबतील एवढ्या मोठ्यानं, आरोळी ठोकली, "नजीरभाई, झालं!"

नजीरभाईंनी वळून पाहिलं, यंत्र बंद केलं आणि काही न विचारता त्यांना मिठी मारली. दोघांच्या अंगाला कापूस लागला.

किसनरावांच्या खिशात एक कागद होता. पंधरा दिवसांपूर्वी ते एकटेच बुलढाण्याला जाऊन वकिलाकडून तो करून आले होते. तो त्यांनी आता पुढं केला. गादीघराची जागा नजीरभाई आणि त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाबाळांना वापरायला कायम मोकळी, असं त्यात होतं, आणि खाली दीपकचीही संमती होती.

"हे काय आणलं?" नजीरभाईंनी हात मागं घेतला. "आपल्यात कसली लिखापढी, भाऊ?"

आतल्या पडद्यामागून बानोभाभींचा हात बाहेर आला. "इधर दीजिए भाईसाब. जहाँ मेरा निकाहनामा रखा है, वहीं रखती हूँ." कागद घेऊन हात आत गेला.

नजीरभाई पडद्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातली एक डबल गादी ओढून पुढं घेतली. एका बाजूची शिवण उसवलेली होती. त्यांनी सुईत दोरा ओवला.

"ही त्या दिवसापासून पडून आहे. तुमच्यापायी फाटली. याचा बी कागद करता का?"

"करा," किसनराव म्हणाले. "नुकसानभरपाई लावा."

"धरा ते टोक. नीट धरा, ओढू नका."

किसनराव खाली बसले आणि गादीचं टोक धरून राहिले. नजीरभाई टाके घालत पुढं सरकू लागले.